शाकाहारी चिनी रेस्टॉरंट आणि तिथलं 'मांस': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाकाहारी चिनी रेस्टॉरंटांत मी गेली अनेक वर्षं जेवत आले आहे आणि तितकीच वर्षं त्याबद्दलचे प्रश्न माझ्याकडे येत आहेत. जे प्रश्न फिरून फिरून येतात तेच इथे घेतले आहेत. ज्यांनी अजून असं मेनूकार्डही पाहिलेलं नाही त्यांचे प्रश्न आधी आहेत, पथ्य पाळणाऱ्यांचे आणि अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, फक्त क्रमांक दिला आहे.

१. पाटीवर 'शाकाहारी' आणि मेनूत 'चिकन', 'डक', 'फिश'. यातलं खरं काय मानायचं?

पाटी खरी. रेस्टॉरंट पूर्ण शाकाहारी असेल तर 'डक'च्या बशीत बदकाचा कणही नसतो. हा घोळ बहुतेक वेळा भाषांतरामुळे होतो. चिनी नावात प्राण्याच्या आधी 'सू' हा शब्द असतो: सू-जी म्हणजे सू कोंबडी, सू-या म्हणजे सू बदक, सू-यू म्हणजे सू मासा. 'सू'चा मूळ अर्थ न रंगवलेलं पांढरं रेशीम. त्यावरून साधं, निर्लेप, आणि जेवणाच्या बाबतीत बिनमांसाचं. मेनूचं भाषांतर करताना पुष्कळदा हा छोटासा 'सू' गळून पडतो आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शंका आली तर वाढणाऱ्याला "सू?" एवढंच विचारा, त्याला कळतं.

२. मांस नाही, तर मग ते बनतं कशाचं?

बहुतेक पदार्थांच्या मुळाशी गहू, सोयाबीन, मशरूम आणि कोंजॅक नावाचा एक कंद असतो. त्यांची कामं वेगवेगळी आहेत, आणि ती कळली की मेनू वाचणं सोपं जातं.

गव्हाची कणीक घट्ट मळून पाण्यात चोळत धुतली की पांढरा चीक निघून जातो आणि हातात चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तो म्हणजे ग्लूटेन, चिनी भाषेत म्येन-जिन. तो तळला की आत पोकळ होऊन फुगतो, उकडला की घट्ट होतो, आणि आंबवून वाफवला की स्पंजासारखा जाळीदार होतो. या जाळीदार प्रकाराला खाव-फू म्हणतात. चावताना 'मांसल' वाटणारा जो प्रतिकार असतो, तो बहुधा या ग्लूटेनचा.

सोयाबीनकडून टोफू मिळतो, पण त्याहून मोलाची असते ती साय. सोयाचं दूध मंद आचेवर तापवलं की वर पातळ साय धरते. ती काठीने अलगद उचलून वाळवतात. या सायीचे कागदासारखे थर सोया सॉस, साखर आणि मशरूमच्या पाण्यात भिजवून एकावर एक ठेवायचे, घडी घालायची, वाफवायचं, मग तळायचं. हा पदार्थ 'सू हंस' म्हणून मिळतो. मी तो एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून होताना पाहिला होता. आचाऱ्याने प्रत्येक थराला ब्रशने रस लावला, सगळ्यात वरचा थर मात्र कोराच ठेवला. तळल्यावर तोच सुरकुतून सोनेरी झाला आणि भाजलेल्या कातडीसारखा दिसू लागला. सुरी फिरवली तेव्हा आतून तपकिरी पदर सुटले, पुस्तकाच्या पानांसारखे.

मशरूमचं काम वासाचं आणि तंतूंचं. शिताके मशरूम कात्रीने गोल गोल कापत लांब पट्ट्या काढतात, त्यांना स्टार्च लावून तळतात आणि गोड-आंबट रसात घोळवतात. हा झाला सू ईल मासा. किंग ऑयस्टर मशरूमच्या जाड देठाच्या चकत्या शिंपल्यातल्या स्कॅलपच्या जागी येतात. कोंजॅकच्या पिठाचा जेलीसारखा, करकरीत पदार्थ होतो, आणि कोळंबी, स्क्विड वगैरे त्याचे करतात. त्यात बहुतांशी पाणी आणि तंतुमय घटक असतात, स्वतःची चव जवळपास नसते.

३. शाकाहारच करायचा तर मांसाची नक्कल कशाला? ही स्वतःचीच फसवणूक नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, पुष्कळदा जरा रागानेच. माझं मत स्पष्ट आहे: फसवणूक नाही, हे आतिथ्य आहे.

सहाव्या शतकात दक्षिण चीनमध्ये ल्यांग घराण्याचा सम्राट वू राज्य करत होता (५०२ ते ५४९). तो कट्टर बौद्ध. भिक्षूंनी मांस आणि मद्य सोडावं असा आग्रह त्याने धरला, आणि चिनी भिक्षूंचा शाकाहार पुढे रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ५१७ साली त्याने पूर्वजांच्या पूजेतले पशुबळीही बंद केले आणि त्यांच्या जागी पिठाचे नैवेद्य आणले. विधी तसाच राहिला, जीव वाचला. नकलेमागचा विचार इथेच दिसतो.

पुढे थांग घराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) त्स्वे आन-छ्येन नावाच्या एका बौद्ध अधिकाऱ्याने दिलेल्या मेजवानीची नोंद आहे. पीठ आणि कोंजॅक रंगवून डुकराचा खांदा, मेंढीची तंगडी असे पदार्थ केले होते आणि ते हुबेहूब दिसत होते. यजमान शाकाहारी, पाहुणे नव्हते. पाहुण्यांना मानाचं ताट मिळावं आणि आपलं व्रतही मोडू नये, ही त्याची धडपड होती. दक्षिण सोंग घराण्याच्या काळापर्यंत (बारावं-तेरावं शतक) राजधानीत, म्हणजे आजच्या हांगजौमध्ये, शाकाहारी खाणावळी होत्या आणि त्यांच्या पदार्थांत अशा नकला होत्या. त्याच काळातल्या एका पाककृतिसंग्रहात दुधी आणि ग्लूटेनच्या पातळ चकत्या तळून केलेलं 'खोटं तळलेलं मांस' दिलं आहे.

बौद्धांमध्येही यावर एकमत नाही. मांसाचा आकार आणि नाव जवळ ठेवलं की मनातली ओढही जिवंत राहते, असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि मठातलं भिक्षूंचं रोजचं जेवण बहुधा भात, भाजी, टोफू इतकं साधं असतं. नकलेचे पदार्थ मुख्यतः पाहुण्यांसाठी, सणासाठी आणि नव्याने मांस सोडणाऱ्यांसाठी. हा आक्षेप मी समजू शकते. तरीही एकाच टेबलावर मांस खाणारा आणि न खाणारा दोघं एकाच बशीत हात घालतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

४. अशी रेस्टॉरंटं ओळखायची कशी?

'सू' किंवा 'जाय' ही अक्षरं पाटीवर असतात. 'जाय' हा शब्द धार्मिक उपवासाच्या, सात्त्विक जेवणासाठी वापरतात. दोन्ही अक्षरांचे फोटो फोनमध्ये ठेवा. तैवानमध्ये तर आणखी सोपं आहे: पाटीवर किंवा पाकिटावर स्वस्तिक दिसलं की बौद्ध शाकाहारी समजायचं. त्याच्या भुजा डावीकडे वळलेल्या असतात.

मोठ्या बौद्ध मंदिरांना लागून शाकाहारी भोजनगृह असणं नेहमीचं आहे. शांघायचं जेड बुद्ध मंदिर, शामन शहरातलं नानपुथ्वो मंदिर ही त्यातली प्रसिद्ध. मंदिराबाहेरच्यांत शांघायचं गोंगदलिन १९२२ पासूनचं आहे आणि नकलेच्या पदार्थांसाठीच ओळखलं जातं. तैवानमध्ये रोजच्या जेवणासाठी शाकाहारी बुफे असतात. ताट हवं तसं भरायचं, ते काट्यावर ठेवायचं, आणि वजनाप्रमाणे पैसे. एकट्या माणसाला ही सोय उत्तम.

५. पहिल्यांदाच जाणार आहोत. काय मागवावं?

चौघं असाल तर चार पदार्थ, एक सूप आणि भात पुरे. सगळं मधोमध ठेवून वाटून खायचं असतं. नवखे लोक उत्साहात सगळेच नकलेचे पदार्थ मागवतात, तसं करू नका. ते तळलेले, गोडसर आणि खारट असतात, तिसऱ्या बशीला जीभ थकते. दोन नकलेचे, एक हिरवी पालेभाजी, एक साधा टोफू असा मेळ घाला.

मी नवख्यांना आधी सू हंस (प्रश्न २) आणि खाव-फू मागवायला सांगते. खाव-फूचा शांघायी प्रकार थंडच वाढतात. जाळीदार ग्लूटेन, शिताके, काळे कानासारखे मशरूम, वाळवलेल्या लिलीच्या कळ्या आणि शेंगदाणे, सगळं गोडसर सोया रसात मुरलेलं. चावलं की स्पंजातून रस सुटतो. हा पदार्थ कोणाची नक्कल करत नाही, आणि कदाचित म्हणूनच मला तो सर्वांत आवडतो.

नक्कल नकोच असेल तर ल्वोहान-जाय घ्या. अर्हतांच्या, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या बुद्धशिष्यांच्या नावाचं हे मिश्र भाज्यांचं जेवण. परंपरेने त्यात अठरा अर्हतांसाठी अठरा जिन्नस घालतात, पण रोजच्या रेस्टॉरंटात कमीच असतात.

६. मी जन्मापासून शाकाहारी आहे. मला किळस तर येणार नाही?

येऊ शकते, आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. चव बहुतेकांना अडत नाही. अडतं ते दिसणं आणि वास. माशाच्या पदार्थात टोफूच्या सारणाला एका बाजूने नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा लावतात. तीच खवल्याची बाजू आणि तोच समुद्राचा वास. माझ्या आईने तो वास येताच बशी दूर सारली. आत टोफू आहे हे मी तीनदा सांगितलं, पण उपयोग झाला नाही. तिच्यासाठी मग सू खेकडा मागवला आणि तो तिने दोनदा घेतला.

त्या खेकड्यात खेकड्यासारखं दिसणारं काहीच नसतं. कुस्करलेला बटाटा आणि गाजर, थोडे मशरूम, आणि भरपूर आलं-व्हिनेगर. शांघायकडे खरा खेकडा आलं-व्हिनेगरबरोबर खातात, त्यामुळे तो वास आला की तिथल्या माणसाला खेकडाच आठवतो. ज्याने खेकडा कधी खाल्लेला नाही त्याला ही चटकदार बटाट्याची भाजी लागते. तुम्हाला दिसण्याचा त्रास होत असेल तर असेच पदार्थ निवडा. अख्ख्या माशाच्या किंवा तंगडीच्या आकाराचं काही मागवू नका.

७. मांसाहारी मित्रांना नेलं तर त्यांना खरं वाटेल का?

सू हंस आणि गोड-आंबट रसातले तुकडे बहुतेकांना पटतात, कोळंबी फारशी कोणाला पटत नाही. कारण कोंजॅकमध्ये मांसाचे तंतू नसतात, दाताखाली ते एकसारखं कुरकुरतं. पण 'ओळखा पाहू' असा खेळ लावून त्यांना जेवू घालू नका. एक चांगला स्वयंपाक म्हणून वाढा, ते जास्त खातात.

८. कांदा-लसूण असतो का?

बौद्ध परंपरेच्या रेस्टॉरंटात नसतो. चिनी बौद्ध पाच उग्र वनस्पती टाळतात, त्यांना 'वू शिन' म्हणतात. लसूण आणि कांद्याच्या कुळातले इतर प्रकार त्यात येतात: पात, लीक वगैरे. पाचवं नाव आपल्याला चकित करतं. जुन्या चिनी यादीत ते 'शिंग-छू' असं आहे आणि ते आपलं हिंग, संस्कृत 'हिंगु'चंच चिनी रूप. चिनी स्वयंपाकात हिंग फारसा वापरात नसल्यामुळे तिथे हे नाव बरंचसं पुस्तकीच राहिलं.

कांदा-लसणाची उणीव आलं, शिताके, तिळाचं तेल आणि आंबवलेलं सोया भरून काढतात. मात्र आरोग्यासाठी किंवा प्राण्यांसाठी शाकाहार करणाऱ्यांची नव्या पिढीची जी रेस्टॉरंटं आहेत, तिथे कांदा-लसूण सर्रास असतो. म्हणून 'शाकाहारी' पाहून थांबू नका, 'वू शिन' आहे का हे वेगळं विचारा.

९. आम्ही कंदमुळंही खात नाही. मग?

इथे सावध राहावं लागेल, कारण चिनी शाकाहारात कंदमुळांना मनाई नाही. बटाटा, गाजर, अरवी, कमळकाकडी, आलं हे सगळं असतं आणि कोंजॅक स्वतःच कंद आहे. 'फासळ्यां'च्या पदार्थात हाड म्हणून बऱ्याचदा कमळकाकडीचा तुकडा खोचलेला असतो. मशरूमही बहुतेक रसांत असतात. पालेभाजी, टोफू, सोयाची साय, भात यांवर जेवण होतं, पण आलं वगळायला आवर्जून सांगावं लागतं, आणि आधीच कालवून ठेवलेल्या पदार्थांतून ते काढता येत नाही.

१०. अंडं आणि दूध?

प्रश्न विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. मठाच्या परंपरेत अंडं टाळतात, पण कारखान्यात बनलेल्या सू हॅममध्ये आणि सू कोळंबीत तुकडा बांधून ठेवायला पुष्कळदा अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधाची प्रथिनं घालतात. हे मी अनुभवातून सांगते आहे. एका ठिकाणी अंडं नाही असं मला ठामपणे सांगितलं, आणि निघताना काउंटरवर ठेवलेल्या त्याच हॅमच्या पाकिटावर घटकांत दुसऱ्याच जागी अंडं लिहिलेलं दिसलं. वाढणारी मुलगी खोटं बोलत नव्हती. स्वयंपाकघरात अंडं फोडलेलं नव्हतं, एवढंच तिला माहीत होतं. तेव्हापासून मी "पाकीट बघू का?" असंच विचारते, आणि कोणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

तैवानमध्ये हे काम नियमांनी सोपं केलं आहे. २००९ साली आलेल्या नियमांनुसार पाकीटबंद शाकाहारी मालावर पाचपैकी एक प्रकार लिहावा लागतो: पूर्ण वनस्पतिजन्य, अंड्यासह, दुधासह, अंडं-दूध दोन्हींसह, आणि वू शिनसह वनस्पतिजन्य. अंडं, दूध आणि उग्र वनस्पती हे तिन्ही टाळणाऱ्यांनी पहिला प्रकार, 'छ्वेन सू', शोधावा.

११. मला ग्लूटेन चालत नाही.

सीलिॲक आजार असेल तर या रेस्टॉरंटांपासून लांबच राहा, असं मी सरळ सांगते. इथलं 'मांस' पुष्कळदा शुद्ध ग्लूटेनच असतं, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि तळणाचं तेल एकच. जावंच लागलं तर साधा भात आणि फक्त मीठ घालून वाफवलेली भाजी, तीही स्वच्छ भांड्यात.

सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांचीही हीच गत, कारण ग्लूटेनचे पदार्थसुद्धा सोया सॉसमध्येच मुरवतात.

१२. रोज खाल्लं तर पौष्टिक आहे का?

प्रथिनं भरपूर मिळतात. ग्लूटेनच्या प्रथिनांत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असतं, सोयामध्ये ते चांगलं असतं, म्हणून दोन्ही मिळून खाणं शहाणपणाचं. अडचण मीठ आणि तेलाची. रक्तदाब असणाऱ्यांनी रस बशीतच ठेवावा. आणि ब-१२ जीवनसत्त्व या पदार्थांत आपोआप येत नाही. ते वेगळं घातलेलं असेल तरच असतं, तेव्हा मांस सोडून यावर आलेल्यांनी त्याची वेगळी सोय करावी.

लहान मुलांना कोंजॅकचे तुकडे बारीक कापून द्या. ते निसरडे असतात, चावल्यावर सहज फुटत नाहीत आणि घशात अडकू शकतात.

१३. नेहमीच्या चिनी रेस्टॉरंटमधला 'शाकाहारी' पदार्थही असाच असतो ना?

नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. नेहमीच्या चिनी स्वयंपाकात टोफू म्हणजे मांसाची जागा घेणारी वस्तू नाही, तो मांसाबरोबरही शिजतो. मापो टोफूत खिमा असतो. पालेभाजी कोंबडीच्या रश्श्यात किंवा डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि तिच्यावर घातलेला चकचकीत रस ऑयस्टर सॉसचा, म्हणजे कालवांच्या अर्काचा, असू शकतो. "मांस नको" म्हटलं तर तुकडे काढतात, रस्सा तोच राहतो. "वो छ्र सू", म्हणजे मी सू खाते, असं म्हटलं तर अर्थ जास्त नीट पोचतो. अंडं नको असेल तर "बू याव दान" जोडा. पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंटात ऑयस्टर सॉससुद्धा मशरूमचाच असतो.

१४. शाकाहारी मेजवानीत कालवं वाढली, असं ऐकलं. हे कसं?

हे खरं असू शकतं. कँटोनीज घरांत नववर्षाच्या ल्वोहान-जायमध्ये वाळवलेली कालवं घालायची प्रथा आहे, आणि काही लोक कालवांना 'सू'च मानतात. म्हणून कोणाच्या घरी सणाला बोलावणं आलं तर पदार्थाच्या नावावर विसंबू नका, आधी विचारा. बौद्ध रेस्टॉरंटांत हा प्रश्न येत नाही.

१५. कोणत्या दिवशी जावं? गर्दी कधी असते?

चिनी चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला, एरवी मांस खाणारेही पुष्कळजण सू खातात. त्या दिवशी जागा आधी राखून ठेवा. दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याची १९ तारीख ग्वानयिनची, म्हणजे अवलोकितेश्वराच्या चिनी रूपाची. तेव्हाही गर्दी असते. मलेशिया, सिंगापूर आणि थायलंडच्या फुकेतमध्ये नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस 'नऊ सम्राट देवां'च्या उत्सवाचे, आणि तेव्हा पुष्कळजण सूच खातात. रस्त्यावरच्या गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात, आणि नकलेचे जितके प्रकार त्या नऊ दिवसांत मिळतात तितके एरवी एका जागी मिळत नाहीत. बिअर मिळेल का असंही काहीजण विचारतात. बौद्ध रेस्टॉरंटांत बहुधा मिळत नाही, चहा मात्र हवा तितका.

१६. घास तोंडात घातला आणि हे खरंच मांस आहे असं वाटलं. काय करावं?

थांबा आणि तुकडा बोटांनी फाडून पाहा. खऱ्या मांसाचे तंतू एका दिशेने सुटतात आणि मधे चरबीची किंवा शिरेची रेघ सापडते. ग्लूटेन वेडंवाकडं फाटतं, आत छिद्रं दिसतात. सोयाच्या सायीचे पदर सुटतात. सू कोळंबीच्या पाठीवर काळी शीर नसते आणि केशरी पट्टे वरून रंगवलेले असतात, नखाने खरवडले तर रंग निघतो. तंगडीतलं 'हाड' ओढून पाहा, ते उसाचं कांडं किंवा बांबू असतो.

एवढं करूनही मन मानत नसेल तर बशी बाजूला ठेवा आणि आचाऱ्यालाच बोलवा. अशा एका जेवणात आमच्या शेजारच्या टेबलावरच्या आजी घास हातात धरून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी होतं. आचारी आतून ओल्या ग्लूटेनचा कच्चा गोळा ताटलीत घेऊन आला. तो त्याने त्यांच्या हातात दिला, ताणायला लावला, वास घ्यायला लावला. मग आजींनी उरलेला घास खाल्ला.